पंचाहत्तर एचपीची पिकअप, पंचेचाळीस एचपीचा ट्रॅक्टर

गळीत हंगाम सुरू झाला की जांब समर्थहून कुंभार पिंपळगाव किंवा तीर्थपुरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर घाई करून उपयोग नसतो. पुढे उसाचा ट्रॅक्टर असतोच. मागे दोन ट्रॉल्या, दोन्हींत मिळून पंधरा-वीस टन ऊस, चालकाच्या डोक्यावर कर्णकर्कश गाणं, आणि सगळी वरात अंकुशनगरच्या नाहीतर तीर्थपुरीच्या कारखान्याकडे निघालेली. त्याला हॉर्न देऊन मोसंबीच्या क्रेटांनी भरलेली पिकअप पुढे जाते. आता गंमत बघा. मागे पडलेल्या ट्रॅक्टरचं इंजिन ४५ ते ५० एचपीचं. पुढे गेलेल्या बोलेरो पिकअपचं अडीच लिटरचं डिझेल इंजिन ७५ एचपीच्या आसपासचं. दीडपट ताकदीची गाडी सव्वा-दीड टनाच्या पासिंगवर समाधान मानते आणि तिच्याहून कमी एचपीचं यंत्र दहापट वजन ओढतं.

यातूनच मग तो विचार डोक्यात येतो. घरी दहा-बारा वर्षांची पिकअप उभी आहे, उन्हाळ्यात मोसंबीच्या बागेला टँकरने पाणी घालायचं आहे, ट्रॅक्टर भाड्याने मिळत नाही किंवा परवडत नाही. वेल्डिंगच्या दुकानात जाऊन मागे एक हूक ठोकून घ्यायचा, दोन हजार लिटरची टाकी बसवलेली दोनचाकी ट्रॉली जोडायची, झालं! घनसावंगी, अंबड, परतूर या पट्ट्यात हा विचार नवा नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. त्या उन्हाळ्यात ज्याच्याकडे जे चाक होतं त्यावर त्याने पाणी वाहिलं. त्या वेळी कुणी आकडेमोड करत बसलं नाही, आणि ते समजण्यासारखं आहे. पण आकडेमोड आहे, आणि ती पाचवी-सहावीच्या गणितापलीकडची नाही.

सुरुवात आरसी बुकापासून करू. त्यावर दोन वजनं असतात. एक रिकाम्या गाडीचं आणि दुसरं भरलेल्या गाडीचं, म्हणजे गाडी, चालक, डिझेल, माल सगळं धरून कायद्याने आणि कंपनीने मान्य केलेली कमाल मर्यादा. समजा पहिला आकडा १,६५० किलो आणि दुसरा २,९०० किलो आहे. वजाबाकी केली की १,२५० किलो उरतात. लोक जिला ‘सव्वा टनाची पासिंग’ म्हणतात ती हीच, फक्त तिच्यातच चालक आणि शेजारी बसलेले दोघे मोडतात हे कुणी धरत नाही. आता आरसी पुन्हा वाचा. हौद्यात किती भरायचं ते त्यातून निघतं. मागे किती ओढायचं त्याचा आकडा त्यात नाही. ट्रॅक्टरच्या बाबतीत ओढणं हाच धंदा असल्यामुळे सगळी रचना त्यासाठीच केलेली असते. आपल्याकडची छोटी पिकअप मात्र वाहण्यासाठी बनवलेली असते. तिच्या पुढच्या बाजूला असलेला टोचनचा हूक बंद पडलेली गाडी ओढून नेण्यासाठी असतो. त्यावरून तिची ओढण्याची क्षमता ठरत नाही.

अमेरिकेत चित्र उलटं. तिथे पिकअपच्या मागे होडी, घोड्याची गाडी, घरवजा डबा असं काहीबाही ओढलं जातं, म्हणून प्रत्येक मॉडेलचा ओढण्याचा आकडा कंपनी छापते. तो कसा निघतो हे पाहिलं की आपल्या हुकाचं काय करायचं ते आपोआप कळतं. त्यात एक तिसरं वजन असतं: गाडी आणि ट्रॉली मिळून सगळ्या गाड्याचं कमाल वजन. त्यातून भरलेल्या गाडीचं वजन वजा केलं की ट्रॉलीसाठी काय उरलं ते कळतं. म्हणजे हौद्यात टाकलेलं प्रत्येक पोतं ट्रॉलीच्या वाट्यातून कमी होतं. जाहिरातीतला मोठा आकडा रिकाम्या हौद्याचा असतो, हे तिथल्याही खूप लोकांना माहीत नसतं.

आणि तो मोठा आकडा बरीच वर्षं ज्याचा त्यानेच ठरवलेला होता. प्रत्येक कंपनीची चाचणी वेगळी, त्यामुळे दरवर्षी शेजाऱ्यापेक्षा शंभर-दोनशे पौंड जास्त छापायची चढाओढ. शेवटी २००८ मध्ये अभियंत्यांच्या एसएई या संस्थेने जे२८०७ नावाचं मानक काढलं. टोयोटाने ते २०११ च्या मॉडेलांपासून पाळायला सुरुवात केली. बाकीच्या बड्या कंपन्यांनी आणखी काही वर्षं टाळाटाळ केली. त्या मानकातली एक चाचणी ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर बेतलेली आहे. सुमारे १८ किलोमीटरचा सलग चढ, बाहेर किमान ३८ अंश सेल्सिअस तापमान, एसी पूर्ण जोरात, आणि तरी साध्या पिकअपने ट्रॉलीसह ताशी ६४ किलोमीटरच्या खाली यायचं नाही. दुसऱ्या चाचणीत १२ टक्के चढावर उभ्या गाडीने ट्रॉलीसह पाच मिनिटांत पाच वेळा पुढे निघायचं आणि पाच वेळा मागे. क्लच किंवा गिअरबॉक्स जळला की आकडा बाद. म्हणून तिथेसुद्धा २००५ च्या छोट्या पिकअपवर छापलेला आकडा आणि २०१५ च्या गाडीवरचा आकडा एका तराजूत घालता येत नाहीत. जुना आकडा बऱ्याचदा कंपनीच्या मर्जीचा असतो.

आता आपल्या ट्रॅक्टरकडे येऊ. तो का जिंकतो?

एचपी म्हणजे जोर गुणिले वेग. तेवढ्याच एचपीत वेग कमी केला तर जोर वाढतो. ट्रॅक्टर ताशी पाच किलोमीटरने रांगत असतानाही त्याचं इंजिन पूर्ण फेऱ्यांवर फिरत असतं, कारण मधले गिअर तसे असतात. ४५ एचपीतले वीस टक्के गिअरमध्ये वाया गेले असं धरलं तरी त्या वेगाला हिशोबाने दोन टनांच्या आसपास ओढ निघते. चाकं तेवढी जमिनीवर उतरवू शकत नाहीत ही गोष्ट वेगळी. डांबरी सपाट रस्त्यावर गाडा नुसता पुढे ढकलायला त्याच्या वजनाच्या दीड-दोन टक्के जोर लागतो. वीस टनांच्या उसाला तीन-चारशे किलो. ट्रॅक्टरला हे काहीच नाही. तोच गाडा काळ्या भुसभुशीत रानात असेल तर आठ-दहा टक्के लागतात, आणि मग त्याचीही फजिती होते. म्हणून तर उसाच्या फडातून भरलेली ट्रॉली काढताना पुढे दुसरा ट्रॅक्टर टोचन करावा लागतो आणि दोन्ही ट्रॉल्या डांबरीवर येऊनच एकमेकींना जोडल्या जातात.

पिकअपच्या पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या पंधराएक फेऱ्यांना चाकाची एक फेरी पडते असं धरू. इंजिन ३,२०० फेऱ्यांवर असताना या हिशोबाने गाडी ताशी अठ्ठावीस किलोमीटरने पळत असते. ताशी पाच किलोमीटरला इंजिनाच्या फेऱ्या सहाशेच्या खाली जायला हव्यात, म्हणजे आयडलिंगच्याही खाली. तिथे इंजिन बंद पडतं. मग चालक काय करतो? अर्धा क्लच दाबून ठेवतो आणि रेस देतो. त्या क्षणापासून इंजिनाची उरलेली सगळी ताकद क्लच प्लेटमध्ये उष्णता होऊन जाते. चिखलातून ट्रॉली काढताना जो करपट वास येतो तो तिचाच. ट्रॅक्टरवाला दिवसभर ज्या वेगाने चालतो त्या वेगाला पिकअपकडे गिअरच नाही, ही या सगळ्या प्रकरणातली मुख्य अडचण आहे आणि कुठल्याही हुकाने ती सुटत नाही.

दुसरी अडचण पकडीची. रिकाम्या हौद्याची पिकअप घ्या: १,६५० किलोंपैकी मागच्या एक्सलवर सातशेच्या आसपास. मागे दोन हजार लिटर पाण्याची ट्रॉली, टाकी आणि सांगाडा धरून अडीच टन. दोनचाकी ट्रॉलीचा थोडा भार दांडीवरून हुकावर येतो, तो अडीचशे किलो धरू. हूक मागच्या एक्सलच्याही १.२ मीटर मागे आणि दोन एक्सलमधलं अंतर ३ मीटर असेल तर तरफेच्या नियमाने मागच्या एक्सलवर अडीचशे नाही, साडेतीनशे किलो येतात. वरचे शंभर पुढच्या चाकांवरून उचलले जातात. स्टिअरिंग हलकं लागायला लागतं ते यामुळे. मागे झाले १,०५० किलो. ओल्या काळ्या मातीत टायरची पकड वजनाच्या तीस टक्के मिळाली तरी नशीब. म्हणजे जेमतेम तीनशे किलो ओढ, आणि चालक धरून सव्वाचार टनांचा तो गाडा पाणंद रस्त्यावरून हलवायलाच सव्वातीनशे ते सव्वाचारशे लागतात. वाटेत जायकवाडीच्या डाव्या कालव्याची चढण आली तर तेवढेच आणखी. इंजिन थकण्याच्या कितीतरी आधी चाक जागच्या जागी फिरून खड्डा करतं.

असं असताना कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र हाच गाडा मजेत निघतो. नव्वद किलोंपेक्षा कमी जोरात. खरा धोका इथे आहे, कारण चालकाला वाटतं जमलं.

निघालेला गाडा थांबवायचाही असतो. पिकअपचे ब्रेक २,९०० किलोंच्या हिशोबाने बसवलेले. आता त्यांच्यावर ४,२०० किलोंहून जास्त, म्हणजे जवळपास दीडपट. युरोपात ट्रॉलीचं एकूण वजन ७५० किलोंपेक्षा जास्त असेल तर तिला स्वतःचे ब्रेक असावेच लागतात. आपल्याकडच्या वेल्डिंगच्या दुकानात तयार झालेल्या ट्रॉलीला ब्रेक असतात का, हे मागे वाकून बघितलं की कळतं. वेगाचा हिशोब आणखी वाईट आहे, तो वर्गाने वाढतो. ताशी ४० ऐवजी ६० किलोमीटरने जाणारा तोच गाडा थांबवायला सव्वादोन पट ऊर्जा गिळावी लागते. साठवरून एकदा पूर्ण थांबायचं म्हणजे चार चाकांतल्या लायनर-पॅडांनी जवळपास दोन लिटर पाण्याला उकळी फुटेल इतकी उष्णता काही सेकंदांत घ्यायची. घाट उतरायचा असेल तर दर शंभर मीटर उंचीला तेरा लिटर पाण्याचा हिशोब धरा. इंजिनाचा आणि हवेचा रोध त्यातला काही वाटा उचलतो, पण गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवणाऱ्याला तोही नाही. जांबच्या आसपास गोदाकाठचा प्रदेश सपाट आहे हे आपलं भाग्य. पण हाच गाडा घेऊन कुणी कन्नडचा घाट उतरून चाळीसगावला निघाला तर त्याच्या मागे राहू नये, आणि पुढे तर मुळीच राहू नये.

गाडी जुनी असेल तर ब्रेक ऑइलची गोष्ट वेगळी सांगायला हवी. ते हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ३ प्रकारचं नवं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा शिरलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १४० अंशांवर येते. तापलेल्या ब्रेकजवळ ते उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पॅडल तळाला जातं आणि गाडी थांबत नाही. चालक नंतर सांगतो, ‘ब्रेक फेल झाले’, आणि गॅरेजात तपासलं तर ब्रेक व्यवस्थित असतात, कारण तोवर वाफेचं पुन्हा पाणी झालेलं असतं. पाच वर्षं ऑइल न बदललेल्या पिकअप गावोगाव आहेत. इंजिन ऑइल बदलायला कुणी विसरत नाही, ब्रेक ऑइल मात्र फक्त वरून भरलं जातं.

तशीच एक चुकीची सुधारणा म्हणजे पाटे वाढवणं. भार घेतल्यावर मागून बसते म्हणून जुन्या पिकअपला एक-दोन जादा पाटे टाकायची पद्धत आहे. गाडी मग ताठ उभी राहते आणि मालक खूश. पण बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या एक्सलपाशी एक छोटा व्हॉल्व्ह असतो, एका दांडीने एक्सलला जोडलेला. मागचा भाग किती खाली बसला यावरून तो भार ओळखतो आणि मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो. जादा पाट्यांमुळे गाडी बसलीच नाही तर त्याला वाटतं हौदा रिकामा आहे. दोन टन माल असताना मागच्या चाकांना रिकाम्या गाडीचा ब्रेक मिळतो. एक्सलचं हाऊसिंग, चाकाचे बेअरिंग, चेसिस हे सगळं जुन्याच मापाचं राहतं ते निराळं. पाट्याने गाडीची उंची वाढते, पासिंग वाढत नाही.

टायरचं पण तेच. टायरच्या बाजूवर मापापुढे एक अंक असतो, तो भाराचा सूचक. १०१ म्हणजे एका टायरला ८२५ किलो, १०६ म्हणजे ९५०. तिथेच एका चौकटीत चार आकडे असतात: २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी उत्तम दिसणारा सात-आठ वर्षांचा टायर मे महिन्यात, बेचाळीस अंशांच्या उन्हात तापलेल्या डांबरावर, पूर्ण भाराने फुटतो तेव्हा दोष खड्ड्याला दिला जातो. रेडिएटरची कथा बोअरच्या पाण्याशी जोडलेली आहे. कूलंट महाग म्हणून जड पाणी भरत राहिलं की आत क्षार बसतात आणि नळ्या बारीक होतात. रोजच्या कामात ते जाणवत नाही. चढावर, भाराने, कमी वेगात, जेव्हा समोरून वाराही येत नाही, तेव्हा काटा लाल पट्ट्यात जातो.

ट्रॉलीत भार कुठे ठेवला याला वजनाइतकंच महत्त्व आहे. हुकावर ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार असावा असा सर्वमान्य ठोकताळा आहे. माल मागे सरकला, हुकावरचा भार कमी झाला, की ट्रॉली एका ठरावीक वेगानंतर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागते आणि पिकअपचं मागचं टोक सोबत ओढते. अशा वेळी जोरात ब्रेक मारला तर झोका वाढतो. पाण्याच्या अर्धवट भरलेल्या टाकीत तर भार स्वतःच हिंडत असतो: ब्रेक मारला की पाणी पुढे येतं, गाडी उचलली की मागे जातं. आत आडव्या पट्ट्या नसतील तर टाकी एक तर गच्च भरलेली असावी नाहीतर रिकामी.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येत ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे, त्यामुळे त्याची स्वतंत्र नोंदणी लागते. आरसीतल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करायला कलम ५२ ची आडकाठी आहे, म्हणजे वेल्डिंगचा हूक इथे अडतो. जादा भाराला २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवायचा खर्च वेगळा. हलक्या वाहनाच्या परवान्यावर साडेसात टनांपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. पण तो परवाना चालकाचा आहे. गाडीची मर्यादा त्याने बदलत नाही, हा घोटाळा बोलताना फार होतो. मालवाहू गाडीची फिटनेसची पासिंग पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी होते. जुन्या गाडीच्या मालकाला ही कटकट वाटते, मला विचाराल तर त्या दिवशी तरी कुणीतरी ब्रेकवर पाय ठेवतो.

मग जांबच्या शिवारातल्या त्या बागेचं काय? आधी गाडी वजनकाट्यावर न्यायची. पूर्ण गाडी एकदा, मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. आरसीवर लिहिलेलं रिकामं वजन गाडी कारखान्यातून निघाल्या दिवसाचं असतं. त्यानंतर हौद्याला चढवलेल्या लोखंडी जाळ्या, जादा पाटे, वरचा कॅरिअर, खाली ठोकलेला जाड पत्रा यांनी दीड-दोनशे किलो सहज वाढलेले असतात, आणि ते सगळे सव्वा टनातून वजा होतात. समजा चालक आणि रिकामी टाकी वजा करून हाती हजार किलो उरले. हजार लिटरची प्लॅस्टिकची टाकी हौद्यात, केबिनला चिकटवून, चार बाजूंनी पट्ट्याने आवळून बसवली की सगळं वजन दोन एक्सलच्या मध्ये येतं, ब्रेक त्यांच्या मापात राहतात आणि हुकाचा प्रश्नच निघतो. चालकाशेजारी कुणी बसणार असेल तर टाकी तेवढी कमी भरायची. दोन हजार लिटरला एकाऐवजी दोन खेपा होतात. विहीर आणि बाग यांच्यात दोन किलोमीटर अंतर असेल तर जादा खेपेला जाऊन-येऊन चार किलोमीटर पडतात, म्हणजे अर्ध्या लिटरपेक्षा थोडं कमी डिझेल. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि गिअरबॉक्स उतरवायची मजुरी काय पडते, ते अंबडच्या कुठल्याही गॅरेजात विचारा.